रकाना, दीर्घ मजकुराचा

संगणकातील कोष्टकरूप आधारसामग्रीत ज्याची लांबी आधी सांगता येत नाही असा मजकूर ठेवण्यासाठी योजलेला रकाना. अशा सामग्रीच्या सुसूत्र साठ्याला डेटाबेस म्हणतात. त्यात प्रत्येक नोंद ही एक आडवी ओळ असते व नोंदीचा प्रत्येक घटक एका उभ्या रकान्यात बसतो. रकान्यात काय ठेवावयाचे (संख्या, दिनांक की मजकूर) आणि ते जास्तीत जास्त किती ठेवावयाचे, हे कोष्टक आखतानाच ठरवावे लागते. या ठरवण्यास रकान्याचा प्रकार निवडणे असे म्हणतात. संख्या व दिनांक यांच्या बाबतीत ही निवड सोपी असते. मजकुराच्या बाबतीत मात्र ती चुकली, तर मजकूर तुटतो, विकृत होतो किंवा नोंदच नाकारली जाते. तुटलेला मजकूर हा एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्काचा असेल, तर प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

लेखनाला किती जागा द्यावयाची, हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन या तालुक्याच्या ठिकाणाचा लेखी इतिहास पाहिला असता या प्रश्नाचे अनेक टप्पे एकाच भूभागाच्या संदर्भात दिसतात.

शिला, ताम्रपट व कागद : केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन समृद्ध वसाहतीचे अवशेष व एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. भोगवर्धनच्या रहिवाशांचे उल्लेख सांची व भारहूत येथील स्तूपांवरील ब्राह्मी लिपीतील दानलेखांत आढळतात. हे लेख अगदी त्रोटक असतात. त्यांत दात्याचे नाव, त्याचे गाव आणि ‘दान’ या अर्थाचा शब्द एवढेच बहुधा असते. कठड्याच्या स्तंभावर किंवा आडव्या दगडावर जागा तेवढीच होती व लेखाचा हेतूही तेवढाच होता. जागा आणि मजकूर यांचा मेळ बसल्यामुळे दोन हजार वर्षांनंतरही हे लेख पूर्णपणे वाचता येतात.

मजकूर दीर्घ असला, की साधन बदलावे लागे. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखासाठी लेण्याच्या भिंती वापराव्या लागल्या. भूमिदानाच्या ताम्रपटांत वेगळी युक्ती दिसते. तेथे पत्र्याचा आकार साधारण ठरलेला असे. मजकूर एका पत्र्यावर मावला नाही, तर दुसरा, तिसरा पत्रा जोडीत आणि सर्व पत्रे एका कडीत ओवून कडीवर राजमुद्रा ठेवीत. म्हणजे आकार ठरावीक ठेवून लांबी मात्र मोकळी ठेवण्याची ही व्यवस्था होती. मराठेशाहीच्या दप्तरांत कागदाला कागद डकवून लांब बंद तयार करीत व असे कागद रुमालात बांधून ठेवीत. या सर्व पद्धतींत एक तत्त्व समान होते. साधन मजकुराला पुरवणी देत असे. मजकूर साधनासाठी तोडला जात नसे.

पाहणीपत्रक ते सातबारा : भोकरदनचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती. गावपातळीवरील दप्तरात मराठी भाषा व मोडी लिपी यांचाही वापर होई. संस्थानच्या विलीनीकरणाच्या सुमारास, फसली सन १३५८ मध्ये हैदराबादचा जमीनविषयक हक्कनोंदणीचा विनियम झाला. १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक हा मराठवाड्यातील जमीनविषयक वादांत आजही तपासला जाणारा मूलभूत कागद होय. पाहणीपत्रक हे रकान्यांचे पत्रक असून भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार, धारकाचे व प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव, पीक इ. माहिती त्यात ओळीने येते.

मराठवाडा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. भोकरदन तालुका तत्कालीन औरंगाबाद (सध्याच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाल्यावर तो त्यात समाविष्ट झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व तीखालील १९७१ चे अधिकार अभिलेखविषयक नियम यांनी राज्यभर एकसारखे गाव नमुने लागू झाले. नमुना सात (अधिकार अभिलेख) व नमुना बारा (पिकांची नोंदवही) मिळून होणारा उतारा ‘सातबारा’ या नावाने सर्वपरिचित आहे. जमिनीवरील हक्कात खरेदी, वारसा, वाटणी, गहाण इ. कारणांनी बदल झाला, की त्याची नोंद प्रथम नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. या नोंदवहीत चारच रकाने आहेत : नोंदीचा अनुक्रमांक, संपादन केलेल्या अधिकाराचे स्वरूप, परिणाम झालेले भूमापन क्रमांक आणि चाचणी अधिकाऱ्याची आद्याक्षरी किंवा शेरा.

यांपैकी दुसरा रकाना येथे महत्त्वाचा आहे. पहिल्या रकान्यात एक संख्या, तिसऱ्यात काही क्रमांक. पण दुसऱ्यात संपूर्ण हकीकत येते. कोण मयत झाले, वारस कोण, त्यांत अज्ञान कोण व पालक कोण, वाटणीत विहिरीचा हिस्सा कसा ठरला, गाडीवाट कोठून, हे सर्व तेथे लिहिले जाते. नोंद कधी दोन ओळींची असते, तर कधी पानभर. सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ हा रकानाही असाच आहे. हस्तलिखित नोंदवहीत जागा अपुरी पडली, तर तलाठी अक्षर बारीक काढी, समासात लिही किंवा पुरवणीचे पान जोडी. रद्द झालेली नोंद खोडून न टाकता तिला कंस करीत. त्यामुळे जुना मजकूर वाचनीय राही. छापील रकाना अरुंद असला, तरी लिहिणाऱ्या हाताला तो रुंद करता येत असे. संगणकात ही मुभा नसते. तेथे रुंदी आधीच ठरते व लिहिणाऱ्याला ती बदलता येत नाही.

छिद्रपत्रापासून कोष्टकापर्यंत : यांत्रिक नोंदीचा प्रारंभ छिद्रपत्रांपासून झाला. हर्मन हॉलरिथ यांची छिद्रपत्रयंत्रे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरण्यात आली. १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने ८० स्तंभांचे पत्र प्रचारात आणले. एका स्तंभात एक अक्षर, म्हणून एका पत्रावर ऐंशी अक्षरे. नाव, पत्ता, रक्कम यांना या ऐंशीतून मोजून वाटणी करावी लागे. जागा वाचविण्यासाठी सनाचे दोनच अंक लिहिण्याची सवय याच काळात रुजली. तिचे परिणाम निस्तरण्यासाठी २००० सालापूर्वी जगभर मोठा खर्च करावा लागला. रकाना आखताना केलेली काटकसर पुढच्या पिढीला कशी भोवते, याचे हे ठळक उदाहरण होय.

१९७० मध्ये आयबीएममधील गणितज्ञ ई. एफ. कॉड यांनी संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले. आधारसामग्री परस्परसंबद्ध कोष्टकांत ठेवावी आणि ती यंत्रात कोठे व कशी साठविली आहे याची चिंता वापरणाऱ्यावर पडू नये, हे त्याचे सार आहे. १९७४ मध्ये चेंबरलिन व बॉइस यांनी या प्रतिमानासाठी जी प्रश्नभाषा मांडली, तिच्यापासून पुढे एसक्यूएल ही भाषा विकसित झाली. तिचे अमेरिकी मानक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मानकात मजकुरासाठी निश्चित लांबीचाच प्रकार होता. अशा रकान्यात मजकूर लहान असला, तर उरलेली जागा कोऱ्या चिन्हांनी भरली जाते. कमालमर्यादेच्या आत कमीजास्त होणाऱ्या लांबीचा प्रकार (व्हारचार) १९९२ च्या मानकात आला आणि अतिदीर्घ मजकुराचा प्रकार (क्लॉब) १९९९ च्या मानकात. व्यापारी प्रणालींनी या गरजा आपापल्या परीने आधीच भागविल्या होत्या; म्हणूनच निरनिराळ्या प्रणालींत प्रकारांची नावे, मर्यादा व वागणूक आजही भिन्न आढळते.

दीर्घ मजकुराचे प्रकार : डेटाबेस आपली सामग्री तबकडीवर ठरावीक आकाराच्या पृष्ठांत ठेवतो. पोस्टग्रेएसक्यूएल व एसक्यूएल सर्व्हर या प्रणालींत हे पृष्ठ सामान्यतः ८ किलोबाइटचे असते. एक नोंद एका पृष्ठात मावावी, ही मूळ कल्पना. मजकूर पृष्ठापेक्षा मोठा झाला, की अडचण सुरू होते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २००१ पूर्वी ही मर्यादा ओलांडता येत नसे. त्या वर्षीच्या ७.१ या आवृत्तीपासून सुमारे २ किलोबाइटांहून मोठ्या झालेल्या नोंदीतील दीर्घ मजकूर आधी आकुंचित केला जातो व तरीही न मावल्यास त्याचे तुकडे करून ते एका पुरवणी कोष्टकात ठेवले जातात. मूळ ओळीत केवळ त्यांचा निर्देश राहतो. कडीत ओवलेले ताम्रपट आणि नोंदवहीला जोडलेले पुरवणीपान यांच्याशी या रचनेचे साधर्म्य उघड आहे. या प्रणालीतील ‘टेक्स्ट’ प्रकारास कमाल १ गिगाबाइटपर्यंतचा मजकूर चालतो व मर्यादा घातलेल्या प्रकारापेक्षा तो मंद नसतो.

मायएसक्यूएल या प्रणालीत मजकुराचे चार आकार आहेत. सर्वांत लहान आकारात २५५ बाइट, ‘टेक्स्ट’मध्ये ६५,५३५, मध्यम आकारात सुमारे १·६८ कोटी आणि सर्वांत मोठ्यात सुमारे ४ गिगाबाइट मावतात. २५५ ही संख्या यादृच्छिक नाही. मजकुराची लांबी लिहून ठेवण्यास एकच बाइट दिला, तर त्यात ० ते २५५ एवढ्याच संख्या लिहिता येतात. या सोयीपोटी २५५ ही रुंदी जगभरच्या आखणीकारांची सवय बनली. मूळ कारण मागे पडल्यावरही ती टिकून राहिली. ओरॅकल प्रणालीत पूर्वी दीर्घ मजकुरासाठी ‘लाँग’ हा प्रकार होता. एका कोष्टकात असा एकच रकाना ठेवता येई. १९९७ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीत क्लॉब हा अधिक लवचिक प्रकार उपलब्ध झाला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सामान्य मजकुराची मर्यादा ८,००० बाइट असून २००५ पासून ‘मॅक्स’ ही मर्यादा लिहून २ गिगाबाइटपर्यंतचा मजकूर त्याच प्रकारच्या रकान्यात ठेवता येतो.

देवनागरीचे माप : वरील मर्यादा काही प्रणालींत बाइटांत, तर काहींत चिन्हांत मोजल्या जातात. इंग्रजी मजकुरात एक अक्षर म्हणजे एक बाइट असल्याने दोहोंत फरक पडत नाही. मराठीत तो पडतो. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या मानकात (१९९१) प्रत्येक चिन्हास एक बाइट होता. त्याच वर्षी प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड मानकात देवनागरीला १२८ संकेतस्थानांचा स्वतंत्र गट मिळाला. युनिकोड साठविण्याच्या यूटीएफ-८ या सर्वाधिक रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘भोकरदन’ या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरे दिसतात. संगणकाच्या हिशेबी ती सहा चिन्हे व अठरा बाइट होतात. ‘क्ष’ हे एक जोडाक्षर नऊ बाइटांचे असते.

याचा परिणाम पुढील उदाहरणावरून कळेल. ही नोंद उदाहरणादाखल रचलेली आहे : ‘विहिरीत तिसरा हिस्सा, पाळीचे पाणी सामाईक, पूर्व बांधाने गाडीवाट, बहिणीचा हिस्सा, सोसायटीचा बोजा कमी केला’. यात मोकळ्या जागा व विरामचिन्हे धरून १०४ चिन्हे आहेत. इस्कीत ती सुमारे १०४ बाइटांत बसतील. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या ८६ चिन्हांचे २५८ व उरलेल्या १८ चिन्हांचे १८ मिळून २७६ बाइट होतात. रकाना २५५ चिन्हांचा असेल, तर ही नोंद निम्म्याहून कमी जागेत मावते. रकाना २५५ बाइटांचा असेल, तर ‘बोजा’ हा शब्द व त्यापुढची मोकळी जागा २५४ बाइटांवर संपते आणि ‘कमी’मधील ‘क’साठी एकच बाइट उरतो. मजकूर तेथे तुटल्यास ‘सोसायटीचा बोजा’ एवढेच शिल्लक राहते. फिटलेले कर्ज कागदावर पुन्हा उभे राहते आणि वाक्य वरकरणी पूर्ण दिसत असल्याने वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

प्रणाली अशा वेळी काय करते, हेही एकसारखे नाही. काही प्रणाली मजकूर नाकारतात व चूक दाखवितात. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या मूळ मांडणीत मजकूर तोडून केवळ सूचना नोंदवीत. काटेकोर वर्तन २०१५ च्या ५.७ या आवृत्तीपासून मूळ मांडणीत आले. मोजमापातही भेद आहे. ओरॅकलमध्ये व्हारचार२ ची लांबी, वेगळे न सांगितल्यास, सामान्यतः बाइटांत मोजली जाते. त्यामुळे ४,००० ची परंपरागत मर्यादा देवनागरीच्या सुमारे १,३३३ चिन्हांवर येते. पोस्टग्रेएसक्यूएल चिन्हे मोजते. मायएसक्यूएलमध्ये व्हारचारची लांबी चिन्हांत, पण ‘टेक्स्ट’ची बाइटांत असते, ६५,५३५ बाइटांत देवनागरीची २१,८४५ चिन्हे मावतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरीसाठी परंपरेने ‘एन’ उपसर्ग असलेला प्रकार वापरावा लागतो. त्यात देवनागरी चिन्हास दोन बाइट लागतात. साध्या प्रकारात देवनागरी मजकूर घातल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात व मूळ मजकूर परत मिळविता येत नाही.

निवडीची तत्त्वे : पहिले तत्त्व असे, की रुंदी सवयीने न ठरविता प्रत्यक्ष मजकूर पाहून ठरवावी. फेरफार नोंदवहीसाठी रकाना आखावयाचा, तर सरासरी नोंद पाहून भागत नाही. सर्वांत लांब नोंद पाहावी लागते. हक्क गुंतागुंतीचे असतात, तेथेच नोंद लांबते आणि वादही बहुधा तेथेच उद्भवतात. दुसरे, मर्यादा चिन्हांत आहे की बाइटांत, हे तपासून देवनागरीसाठी तिप्पट जागा धरावी. तिसरे, ज्याची कमाल लांबी नियमानेच ठरलेली आहे अशा घटकाला (उदा., पोस्टाचा सहा अंकी पिनकोड) मर्यादा घालणे योग्य होय, कारण तेथे मर्यादा ही चूक पकडण्याचे साधन ठरते. ज्याची लांबी जीवनव्यवहार ठरवितो, त्या मजकुराला दीर्घ प्रकार द्यावा. चौथे, मजकूर न मावल्यास प्रणालीने नोंद नाकारावी. गुपचूप तोडू नये. नाकारलेली नोंद लगेच लक्षात येते, तर तुटलेली नोंद वर्षानुवर्षे दडून राहते.

दीर्घ प्रकार हा सर्व अडचणींवरचा उपाय मात्र नव्हे. अशा रकान्यावर सरसकट अनुक्रमणी करता येत नाही. आतील शब्द शोधण्यासाठी वेगळी शब्दसूची ठेवावी लागते. पुरवणीत गेलेला मजकूर वाचण्यास अधिक श्रम पडतात. ‘या गावात कोणकोणत्या गटांवर बोजा आहे’ असे विचारावयाचे असेल, तर बोजा हा स्वतंत्र रकान्यातच हवा; तो हकीकतीत मिसळलेला असल्यास उत्तर खात्रीने मिळत नाही. म्हणून हक्काचे ठरीव घटक लहान रकान्यांत वेगळे काढावेत आणि मूळ हकीकत जशीच्या तशी दीर्घ रकान्यात राखावी, हा मार्ग इष्ट ठरतो. घटक शोधण्याच्या कामी येतात, हकीकत पुराव्याच्या.

अभिलेखांचे संगणकीकरण : भूमि अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील निवडक जिल्ह्यांत सुरू झाली, महाराष्ट्रातून वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात ई-फेरफार प्रकल्पाद्वारे फेरफाराची प्रक्रिया संगणकावर आणण्यात आली व १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास प्रारंभ झाला. त्यापूर्वी, २०१७ मध्ये, हस्तलिखित व संगणकीय सातबारा यांतील तफावत शोधण्यासाठी गावोगावी चावडी वाचन करण्यात आले. ज्यांच्या हक्काची नोंद, त्यांनाच ती ऐकवून पडताळून घेण्याची ही पद्धत साधी असली, तरी परिणामकारक आहे. कारण तुटलेला मजकूर यंत्राला ओळखता येत नाही, हक्कदाराला येतो.

कायद्याच्या दृष्टीने या पडताळणीचे महत्त्व मोठे आहे. संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. अपुरी उतरलेली नोंदही या गृहीतकाचा लाभ घेऊ शकते आणि ती खोटी ठरविण्याचा भार हक्कदारावर येतो. कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. पण दुरुस्तीसाठी मूळ कागद शाबूत असावा लागतो. मराठवाड्यात खासरा पाहणीपत्रके व जुन्या फेरफार नोंदवह्या जपून ठेवण्याचे एक कारण हेच आहे. संगणकीय प्रत शोधास सोयीची असली, तरी तीत काय गळले हे दाखविणारा साक्षीदार म्हणजे मूळ कागद होय.

सांची व भारहूत येथील शिल्पकारांनी भोगवर्धनच्या दात्यांसाठी जेवढा मजकूर कोरावयाचा होता तेवढी जागा दिली. नोंदवहीच्या तलाठ्याला जागा कमी पडली, तेव्हा त्याने पान जोडले. संगणकातील रकाना आखणाऱ्याला पुढे कोण काय लिहील हे दिसत नाही. म्हणूनच त्याने घातलेली मर्यादा हा त्या मजकुराविषयीचा एक निर्णय असतो व तो मजकूर पाहूनच घेतला जाणे आवश्यक ठरते.